पिल्लांच्या हगवणीच्या अहवालात रोटाव्हायरस आणि ई. कोलाय दोन्ही आले, तर उपचार कोणावर करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांकडे वीसेक माद्यांचे वराहपालन आहे. दहा ते बारा दिवसांच्या पिल्लांना पिवळसर, पाण्यासारखी हगवण लागली. पशुवैद्यकांनी प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली. काही वेतांतील पिल्ले सुधारली, काहींत काहीच फरक पडला नाही आणि काही पिल्ले दगावली. विष्ठेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवल्यावर अहवालात ‘रोटाव्हायरस आढळला’ आणि ‘ई. कोलाय आढळला’ अशा दोन्ही नोंदी आल्या. आता त्यांचे म्हणणे असे की, आजार विषाणूचा असेल तर प्रतिजैविक कशासाठी दिले, आणि जीवाणूचा असेल तर ते सगळ्यांना लागू का पडले नाही?

दोन्ही शंका रास्त आहेत. परंतु ‘विषाणू की जीवाणू’ असा प्रश्न विचारला की उत्तर हाती लागत नाही, कारण लहान पिल्लाच्या आतड्यात हे दोघे बहुतेक वेळा एकाच वेळी हजर असतात. विचारायचे ते वेगळे आहे: आतड्याला नेमकी कोणत्या प्रकारची इजा झाली आहे, ती कोणत्या क्रमाने झाली, आणि पिल्लाला त्या इजेतून सावरण्याइतका वेळ मिळतो आहे का? उपचाराची दिशा या प्रश्नांवरून ठरते. अहवालातील नावे त्यासाठी मदत करतात, पण ती एकटी पुरेशी नसतात. पिल्लाचे वय, मादीचे वेत, शेडमधील ऊब आणि स्वच्छता, नमुना कधी व कसा घेतला, यांवर बरेच अवलंबून आहे. त्यामुळे खाली जे लिहितो आहे ते तुमच्या पशुवैद्यकांच्या प्रत्यक्ष तपासणीला पर्याय म्हणून वाचू नये.

आधी आतड्याची रचना समजून घ्यावी लागेल. पिल्लाच्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे उभे, अतिशय बारीक उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. रसांकुराच्या टोकावरच्या प्रौढ पेशी दूध पचवतात आणि शोषून घेतात. दुधातील साखर तोडणारे लॅक्टेज हे विकर त्यांच्याच पृष्ठभागावर असते. दोन रसांकुरांच्या मधल्या खोबणीत नव्या पेशी जन्माला येतात आणि वर सरकत जाऊन टोकावरच्या जुन्या पेशींची जागा घेतात. या कोवळ्या पेशींना पचवणे किंवा शोषणे फारसे जमत नाही. त्यांचा कल पाणी आणि क्षार आतड्याच्या पोकळीत सोडण्याकडे असतो. निरोगी कोवळ्या पिल्लात रसांकुराची उंची खोबणीच्या खोलीच्या साधारण सातपट असते. टीजीई किंवा पीईडी या कोरोना विषाणूंच्या आजारांत रसांकुर इतके झिजतात की हे प्रमाण पार खाली येते. रोटाव्हायरसमध्ये झीज सहसा त्याहून सौम्य आणि जागोजागी तुटक असते.

रोटाव्हायरस हल्ला करतो तो याच टोकावरच्या प्रौढ पेशींवर. त्या पेशी गळून पडल्या की लॅक्टेज कमी होते, दुधातील साखर न पचता पुढे जाते, स्वतःबरोबर पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यात आंबते. म्हणून निव्वळ विषाणूच्या हगवणीत विष्ठा बहुधा आम्लधर्मी असते. त्याशिवाय या विषाणूचे एनएसपी4 नावाचे प्रथिन पेशींना पाणी सोडायला लावते, म्हणजे नुकसान केवळ पेशी गळण्यापुरते राहत नाही.

रोगकारक ई. कोलायची रीत अगदी वेगळी आहे. एफ4, एफ5, एफ6, एफ18 अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तंतूंच्या साहाय्याने तो पेशीला चिकटतो आणि विष सोडतो. त्या विषामुळे पेशीतून क्लोराइड व त्यामागोमाग पाणी आतड्यात ओतले जाते. रसांकुर मात्र बहुतांशी शाबूत राहतात. या हगवणीत विष्ठा अल्कधर्मी असते, कारण पाण्याबरोबर बायकार्बोनेटही बाहेर पडते. पिल्लाला प्रत्येक तंतू प्रत्येक वयात लागू पडत नाही. एफ5 आणि एफ6 यांना चिकटायला लागणाऱ्या जागा पहिल्या काही दिवसांत भरपूर असतात आणि वयाबरोबर कमी होतात; एफ18 च्या जागा उलट वयाबरोबर वाढतात, म्हणून तो दूध तोडल्यानंतर दिसतो; एफ4 दोन्ही वयांत आढळतो, आणि काही पिल्लांत तर आनुवंशिकतेमुळे त्याला चिकटायला जागाच नसते. एकाच शेडमध्ये एक वेत आजारी आणि शेजारचे ठणठणीत, असे दिसते तेव्हा हे एक कारण असू शकते.

आता हे दोघे एकत्र आले की काय होते ते पाहू. पहिली गोष्ट, विषाणूमुळे न पचलेले दूध खालच्या आतड्यात पोचते आणि तिथल्या जीवाणूंना अचानक भरपूर खाद्य मिळते. दुसरी, गळालेल्या पेशींच्या जागी कोवळ्या पेशी येतात, ज्यांचा कल मुळातच पाणी सोडण्याकडे असतो; अशा आतड्यावर ई. कोलायचे विष पडले तर पाणी बाहेर जाण्याचा वेग वाढतो आणि ते परत शोषून घेणारी यंत्रणा मात्र त्याच वेळी मोडलेली असते. तिसरी, पेशींमधील सांधे सैल होतात, त्यामुळे जीवाणू आणि त्यांची विषे रक्तात शिरण्याचा धोका वाढतो. चौथी, पिल्लू थकते, कमी दूध पिते, गारठते. गारठलेल्या पिल्लाच्या आतड्याची हालचाल मंदावते आणि जीवाणूंना चिकटून वाढायला जास्त वेळ मिळतो. यातील प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीला हातभार लावते.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. दूध तोडलेल्या पिल्लांवरील जुन्या प्रयोगांत रोटाव्हायरस आणि रक्तपेशी विरघळवणारा ई. कोलाय एकत्र असताना हगवण अधिक तीव्र होते, हे 1980 च्या दशकातच दाखवले गेले होते. अलीकडे, 2017 मध्ये, चीनमधील नानजिंगच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी डुकराच्या आतड्याच्या पेशींवर काम करून असे दाखवले की, टीजीई विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ राहिलेल्या पेशींचे रूपच पालटते, त्यांच्या पृष्ठभागावर इंटेग्रिनसारखी प्रथिने वाढतात आणि एफ4 तंतूचा ई. कोलाय त्यांना अधिक घट्ट चिकटतो. प्रयोगशाळेतील पेशी म्हणजे जिवंत पिल्लू नव्हे, हे मान्य. तरीही विषाणू जीवाणूसाठी नुसती वाट मोकळी करतो असे नसून, पेशीचा पृष्ठभागच त्याला सोयीचा करून देऊ शकतो, ही बाब महत्त्वाची आहे.

मात्र प्रत्येक जोडी अशीच वागते, असे समजू नये. पीईडीचा तीव्र विषाणू 2013 मध्ये अमेरिकेत पोचला तेव्हा आठवड्याच्या आतील पिल्ले प्रचंड संख्येने दगावली; तिथे जीव घ्यायला कोणत्याही जीवाणूची गरज नव्हती. याच्या उलट, पहिल्या दोन-तीन दिवसांत एफ5 किंवा एफ4 तंतूचा ई. कोलाय कोणत्याही विषाणूच्या मदतीविना पिल्लू मारू शकतो. दहा-बारा दिवसांच्या पिल्लांचे प्रकरण या दोहोंच्या मधले आहे, आणि म्हणूनच ते गुंतागुंतीचे आहे.

या ठिकाणी एका पदार्थाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्यातून विषाणू आणि जीवाणू यांचे गणित किती वेगवेगळे असते हे स्पष्ट दिसते. तो पदार्थ म्हणजे ट्रिप्सिन, स्वादुपिंडातून येणारे प्रथिने पचवणारे विकर. रोटाव्हायरसच्या बाहेरील व्हीपी4 हे प्रथिन ट्रिप्सिनने तोडल्यावरच तो विषाणू पेशीत नीट शिरू शकतो. म्हणजे ट्रिप्सिन रोटाव्हायरसला कामाला लावते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स टाइप सी या जीवाणूचे बीटा विष मात्र ट्रिप्सिनमुळे नष्ट होते. मादीच्या चिकात ट्रिप्सिनला रोखणारा घटक असतो. त्याच्यामुळे चिकातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, न पचता पिल्लाच्या रक्तापर्यंत पोचतात, हा मोठा फायदा आहे; परंतु त्याच काळात टाइप सीचे विषही वाचते. म्हणून तो रक्ताळ, आतडे कुजवणारा आजार पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि पुष्कळदा पोटभर चीक प्यालेल्या धडधाकट पिल्लांतच दिसतो. पुढे चिकाचा परिणाम ओसरतो, दुधातील प्रतिपिंडांचे प्रमाणही दिवसागणिक घटत जाते, आणि टाइप सीचा धोका कमी होत असतानाच रोटाव्हायरसची वेळ येते. पिल्लाचे वय विचारल्याशिवाय कोणताही अनुभवी पशुवैद्यक हगवणीवर मत का देत नाही, ते यावरून लक्षात येईल.

उलट दिशेनेही परिणाम होतो, म्हणजे आतड्यातील जीवाणू विषाणूचा मार्ग सोपा किंवा अवघड करतात. अमेरिकेतील ओहायो राज्यात लिंडा सैफ यांच्या गटाने जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांवर बरीच वर्षे काम केले आहे. त्यांच्या प्रयोगांत ई. कोलायच्याच निस्ल 1917 या निरुपद्रवी वाणाची वस्ती असलेल्या पिल्लांत मानवी रोटाव्हायरसमुळे होणारी हगवण आणि विष्ठेतून बाहेर पडणारा विषाणू, दोन्ही कमी आढळले. ‘ई. कोलाय आढळला’ एवढ्याच नोंदीवरून घाबरून जाऊ नये, हे सांगण्यासाठी याहून चांगला पुरावा देता येणार नाही. ई. कोलाय प्रत्येक पिल्लाच्या आतड्यात जन्मानंतर काही तासांतच वस्तीला येतो. तो सापडणे ही बातमी नाही; कोणता सापडला, ही बातमी आहे.

अहवालात सापडलेला जंतू आणि आजाराचे मूळ कारण यांची गल्लत किती लांबवर जाऊ शकते, याचे वराहवैद्यकातील सर्वांत मोठे उदाहरण हॉग कॉलरा म्हणजे आजचा क्लासिकल स्वाइन फीव्हर हे आहे. 1885 च्या सुमारास अमेरिकेच्या कृषी खात्यात डॅनियल सॅल्मन आणि थिओबाल्ड स्मिथ यांनी आजारी डुकरांतून एक जीवाणू वेगळा केला आणि तोच या रोगाचे कारण मानला गेला. जीवाणू खरा होता, आतड्यात इजा करणाराही होता. त्याच्या संपूर्ण गणाला पुढे सॅल्मोनेला हे नाव मिळाले. परंतु त्याच्यापासून केलेल्या उपायांनी साथ थांबेना. 1903 मध्ये श्वाइनिट्झ आणि डॉर्सेट यांनी आजारी डुकरांचे द्रव जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळले आणि गाळलेल्या द्रवानेही रोग होतो हे दाखवले. मूळ कारण विषाणू होता आणि सॅल्मोनेला त्याच्या मागून येणारा होता. जीवाणूवर कितीही उपाय केले असते तरी साथ आटोक्यात आली नसती.

हा इतिहास आपल्यासाठी जुना झालेला नाही, कारण क्लासिकल स्वाइन फीव्हर भारतात आजही ठाण मांडून आहे आणि त्याच्या रेंगाळणाऱ्या रूपात मोठ्या आतड्यात बटणासारखे व्रण पडून हगवण लागते. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा दुसरा विषाणूजन्य आजार 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशातून देशात आढळला आणि नंतर इतर राज्यांतही पोचला. तुमच्या शेडमध्ये केवळ दूध पिणारी पिल्ले आजारी आहेत आणि माद्या नीट खात-पीत आहेत, हे चांगले चिन्ह आहे. परंतु वाढीच्या किंवा मोठ्या डुकरांतही ताप, अंगावर लाल-निळे डाग, चालताना मागचा भाग लटपटणे आणि त्यासोबत हगवण असे काही दिसले, तर घरगुती उपचारांत एक दिवसही न घालवता जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार ते बंधनकारकही आहे. हॉटेलचे खरकटे खाऊ घालत असाल तर ते पूर्ण उकळल्याशिवाय देऊ नये, हे याच कारणासाठी सांगतो.

आता तुमच्या अहवालाकडे येऊ. रोटाव्हायरस दिसायला निरोगी पिल्लांच्या विष्ठेतही सापडू शकतो. पीसीआर ही जनुकांचे अंश शोधणारी चाचणी इतकी संवेदनशील असते की विषाणूचे थोडेसे अवशेषही ती पकडते. म्हणून अहवालात सीटी मूल्य दिले असेल तर ते पाहावे: मूल्य जितके कमी, तितका विषाणू जास्त. ई. कोलायच्या बाबतीत प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचाराव्यात: तो रक्त आगारवर, म्हणजे जीवाणू वाढवण्याच्या रक्तमिश्रित माध्यमावर, रक्तपेशी विरघळवतो का, आणि त्यात तंतूंची व विषांची जनुके आहेत का. एफ4 आणि एफ18 चे रोगकारक वाण बहुधा रक्तपेशी विरघळवतात. एफ5 चे पुष्कळदा विरघळवत नाहीत. ही माहिती नसेल तर ‘ई. कोलाय आढळला’ या नोंदीवरून कोणताही निर्णय घेता येत नाही.

शिवाय तिसऱ्या एका शक्यतेचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, आणि तुमच्या पिल्लांच्या वयात ती पहिल्यांदा तपासायला हवी. ती म्हणजे सिस्टोआयसोस्पोरा सुइस हा कॉक्सिडिया गटातील एकपेशीय परजीवी. पाच ते पंधरा दिवसांच्या पिल्लांत तो पिवळी, आधी मलमासारखी आणि नंतर पातळ हगवण लावतो, रसांकुर झिजवतो आणि कोणत्याही नेहमीच्या प्रतिजैविकाला दाद देत नाही. रोटाव्हायरस आणि ई. कोलाय यांच्यासोबत तोही असू शकतो. ‘इंजेक्शन देऊनही दहा दिवसांच्या पिल्लांची हगवण थांबत नाही’ असे कोणी सांगितले की माझ्या मनात आधी हाच परजीवी येतो. तो असल्याचे निश्चित झाले तर पुढील वेतांत तीन ते पाच दिवसांच्या वयात टोल्ट्राझुरिल हे कॉक्सिडियावरचे औषध तोंडावाटे द्यायचे की नाही, हे पशुवैद्यकांशी बोलून ठरवावे. हगवण लागल्यावर दिलेल्या औषधाचा उपयोग फार कमी होतो.

शवविच्छेदनात आणि शेडमध्ये साध्या साधनांनी बरेच कळते. मी विष्ठेचा सामू (पीएच, म्हणजे ती आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी) पाहण्यासाठी सामूपट्टी वापरतो. ताजी विष्ठा थेट गुदद्वारातून घ्यावी, जमिनीवरची नको. आम्लधर्मी निघाली तर विषाणू किंवा न पचलेले दूध, ठळक अल्कधर्मी निघाली तर ई. कोलाय, असा पहिला अंदाज करता येतो. मिश्र संसर्गात हा आकडा मध्ये कुठेतरी अडकतो आणि क्षारांचे पाणी पाजल्यावर तर त्याचा भरवसाच राहत नाही, म्हणून उपचार सुरू करण्याआधीच तो घ्यावा.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. नुकत्याच आजारी पडलेल्या आणि दूध पीत असलेल्या पिल्लाला पशुवैद्यकाने वेदनारहित मरण देऊन पोट उघडले की आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याकडे आधी पाहावे. त्यातल्या बारीक नळ्यांत पांढरी, दुधाळ चरबी भरलेली दिसली तर शोषण चालू आहे, म्हणजे रसांकुर बऱ्यापैकी शाबूत आहेत आणि संशय ई. कोलायकडे जातो. जठरात दुधाचा दह्यासारखा गोळा आहे आणि तरीही त्या नळ्या रिकाम्या, पारदर्शक आहेत, तर रसांकुर झिजले आहेत. उपाशी पिल्लातही नळ्या रिकाम्याच असतात, म्हणून जठर पाहिल्याशिवाय हा निष्कर्ष काढू नये. मग मधल्या लहान आतड्याचा बोटभर तुकडा कापून, उभा चिरून, हलक्या हाताने धुऊन स्वच्छ पाण्याच्या बशीत ठेवावा आणि भिंगातून पाहावा. निरोगी आतड्यावर बारीक केसांसारखे रसांकुर पाण्यात डोलताना दिसतात. झिजलेले आतडे सपाट, गुळगुळीत दिसते. मेल्यानंतर काही तासांनी सापडलेल्या पिल्लावर हे पाहण्यात अर्थ नाही, कारण रसांकुर मरणानंतर फार लवकर विरघळू लागतात.

इथवरचे सार असे की, तुमच्या अहवालातील दोन नावे खरी असली तरी ती अपुरी आहेत. तुमच्या पिल्लांत बहुधा रसांकुरांची झीज आधी झाली असावी आणि ई. कोलायने त्यात कमी-अधिक भर घातली असावी. आणि तिसरा भागीदार अद्याप तपासलेला नाही. प्रतिजैविक काही वेतांत लागू पडले आणि काहींत नाही, याचा उलगडाही यातच आहे. ज्या वेतात जीवाणूचा वाटा मोठा होता तिथे ते कामी आले असेल. ज्या वेतात मुख्य इजा विषाणूची किंवा परजीवीची होती तिथे ते कामी येणे शक्यच नव्हते. तिसरी शक्यता म्हणजे ई. कोलायच्या त्या वाणाने त्या औषधाला दाद देणे सोडले असेल. आणि सुधारलेली काही पिल्ले औषधाशिवायही सुधारली असती, कारण या वयातील निव्वळ रोटाव्हायरसची हगवण पुष्कळदा दोन-तीन दिवसांत ओसरू लागते.

उपचारात माझ्या दृष्टीने पहिला क्रमांक पाण्याचा आणि उबेचा आहे. विषाणूवर औषध नाही. पिल्लू वाचते ते नवीन पेशी रसांकुराच्या टोकापर्यंत पोचेपर्यंत तग धरल्याने. नवजात पिल्लात या प्रवासाला साधारण पाच ते सात दिवस लागतात, तीन आठवड्यांच्या पिल्लात दोन ते तीन. तुमची पिल्ले या दोहोंच्या मध्ये आहेत. ग्लुकोज आणि सोडियम असलेले क्षारांचे पाणी आतड्यात एकत्र शोषले जाते आणि सोबत पाणी ओढून नेते. ही वाट ई. कोलायच्या विषाने बंद होत नाही, म्हणून निव्वळ ई. कोलायच्या हगवणीत अशा पाण्याचा गुण लवकर दिसतो. रसांकुर झिजले असतील तेव्हा शोषणारा पृष्ठभागच कमी उरलेला असतो, त्यामुळे एकदम भरपूर पाजण्याऐवजी थोडे थोडे, वरचेवर, उथळ भांड्यात ताजे ठेवून द्यावे आणि मादीचे दूध तोडू नये. डोळे खोल गेलेली, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी पिल्ले तोंडावाटे दिलेल्या पाण्यावर सावरत नाहीत. त्यांना पशुवैद्यकांनी पोटाच्या पोकळीत कोमट सलाइन द्यावे लागते. पिल्लांच्या बसण्याच्या कोपऱ्यात पहिल्या दिवसांत 34 अंशांच्या आसपास ऊब हवी. आजारी पिल्लांना दहाव्या दिवशीही तिची गरज असते. पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढून झोपत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. कोकणातल्या पावसाळ्यात किंवा घाटावरच्या डिसेंबरच्या रात्री ओल्या सिमेंटच्या जमिनीवर पिल्लू किती लवकर गार पडते हे दिवसा शेडमध्ये जाऊन कळत नाही, त्यासाठी पहाटे जावे लागते.

प्रतिजैविक द्यावे का, याचे माझे उत्तर ‘कारण असेल तर’ असे आहे. रोगकारक ई. कोलाय सिद्ध झाला असेल, पिल्लांना ताप असेल, सांधे सुजले असतील किंवा रक्तात विष पसरल्याची लक्षणे असतील, तर संवेदनशीलता चाचणीप्रमाणे (त्या जीवाणूवर कोणते औषध चालते ते पाहणारी चाचणी) निवडलेले औषध पूर्ण मात्रेत आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत द्यावे. मिश्र संसर्गात अहवाल येईपर्यंत थांबणे शक्य नसते, तेव्हा पशुवैद्यक अंदाजाने सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही, मात्र अहवाल आल्यावर तो निर्णय पुन्हा तपासला पाहिजे. निव्वळ रोटाव्हायरसवर प्रतिजैविक दिल्याने उपयोगी जीवाणू मरतात आणि दाद न देणारे वाण शेडमध्ये मुक्कामाला राहतात. कोलिस्टिन तर कोणी सुचवले तरी वापरू नका. भारत सरकारने 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्यावर बंदी घातली आहे, आणि त्यामागचे कारण डुकरांशी थेट जोडलेले आहे: एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे, कोलिस्टिन निकामी करणारे एमसीआर-1 हे जनुक 2015 मध्ये चीनमधील एका डुकराच्या ई. कोलायमध्ये सापडले. माणसांसाठी अखेरच्या टप्प्यावर राखून ठेवलेले औषध पिल्लांच्या हगवणीवर खर्च करू नये.

खरा उपाय मात्र मादीपासून सुरू होतो. डुकराच्या वारेतून प्रतिपिंडे पिल्लाकडे जात नाहीत. पिल्लू जवळजवळ काहीच संरक्षण न घेता जन्माला येते. चिकातील प्रतिपिंडे रक्तात शोषली जाण्याची मुभा पहिल्या 24 ते 36 तासांत संपते. त्यासाठी प्रत्येक पिल्लाला पहिल्या दिवसात किमान 200 ग्रॅम चीक मिळायला हवा. मोठ्या वेतात बारकी पिल्ले मागे पडतात, म्हणून धडधाकट पिल्लांना तासाभरासाठी बाजूला उबेत ठेवून बारक्यांना आधी पाजावे. त्यानंतर दुधातील आयजीए हे प्रतिपिंड रोज आतड्याच्या आतून लेप दिल्यासारखे काम करते. ते रक्तात जात नाही, त्यामुळे पिल्लू रोज दूध पीत आहे तोवरच त्याचा उपयोग. मादीला सडदाह झाला, ताप आला किंवा दूध आटले, की तिच्या पिल्लांना दोन-तीन दिवसांतच हगवण लागते, आणि शेतकऱ्याचे लक्ष पिल्लांकडे असते. म्हणून हगवण लागलेल्या वेताच्या मादीचे तापमान आणि सड आधी तपासावेत.

पहिल्या वेताच्या माद्यांनी शेडमधील जंतूंशी फारशी ओळख केलेली नसते, त्यामुळे त्यांच्या चिकात त्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे कमी असतात. विण्याआधी काही आठवडे त्यांना त्याच शेडच्या वातावरणात आणणे फायद्याचे ठरते. गाभण मादीला ई. कोलायची लस उपलब्ध असेल तर साधारण विण्यापूर्वी सहा आणि तीन आठवडे अशा दोन मात्रांत दिली जाते. नेमके वेळापत्रक लसीच्या कंपनीचे पाळावे. आजारी पिल्लांची विष्ठा गाभण माद्यांना खाऊ घालण्याची पद्धत परदेशी लिखाणात वाचायला मिळते. क्लासिकल आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर आजूबाजूला असताना, प्रयोगशाळेची खात्री नसताना, मी ती कोणालाही सुचवत नाही.

स्वच्छतेबाबत एकच बाब ठासून सांगतो. रोटाव्हायरसला बाहेरचे स्निग्ध आवरण नसते, म्हणून तो वाळलेल्या विष्ठेत महिनोन्‌महिने टिकतो आणि पुष्कळ जंतुनाशकांना पुरून उरतो. विष्ठेचा थर असलेल्या जमिनीवर जंतुनाशक ओतणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. आधी खरवडणे, मग साबणाच्या पाण्याने धुणे, मग जंतुनाशक, आणि मग जमीन पूर्ण कोरडी होऊ देणे, असा क्रम हवा. कोरडे होण्याचा वेळ सर्वांत जास्त वेळा वगळला जातो. विण्याच्या जागेत नेण्यापूर्वी मादीलाही कोमट पाण्याने आणि साबणाने धुवावे, विशेषतः सड आणि मागचा भाग.

पुढच्या वेतात हगवण दिसली की कोणतेही औषध देण्यापूर्वी, हगवण सुरू झाल्यापासून पहिल्या काही तासांत, कमीत कमी तीन पिल्लांची विष्ठा थेट गुदद्वारातून घेऊन बर्फावर पाठवावी आणि रोटाव्हायरस, ई. कोलायची तंतू व विष जनुके आणि कॉक्सिडिया या तिन्हींची तपासणी मागावी. शक्य झाल्यास एका ताज्या पिल्लाच्या आतड्याचे वरचे, मधले आणि खालचे तुकडे 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये सूक्ष्मदर्शी तपासणीसाठी आणि वेगळे तुकडे बर्फावर जीवाणू वाढवण्यासाठी पाठवावेत. सोबत प्रत्येक वेताची मादी कितव्या वेताची आहे, हगवण कोणत्या दिवशी लागली आणि विष्ठेचा सामू किती होता, एवढे एका कागदावर लिहून ठेवावे. पहिल्या वेताच्या माद्यांची पिल्ले जास्त आजारी पडतात की सगळ्यांची सारखीच, हे त्या कागदावरून दिसले की लसीवर खर्च करायचा की शेडच्या जमिनीवर, हे तुम्हाला आणि तुमच्या पशुवैद्यकांना ठरवता येईल.